फोनच्या दारालाही पडदा हवा

गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार. भोईवाड्यात आम्ही दर रविवारी सकाळी वंदना आटोपली की एक टेबल मांडून बसतो. महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डातील नावे, जातीच्या दाखल्याची कागदपत्रे, जे येईल ते भरून द्यायचे. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम., त्यामुळे कोरा फॉर्म दिसला की आमचा हात शिवशिवतो. त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर चाळीतल्या एक मावशी पदराआड फोन धरून आल्या. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. मावशी एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटतात.

"जयभीम भाऊ. ह्या फोनातून एक गोष्ट काढून टाका ना. पोरीला जमत नाय," त्या म्हणाल्या.

आम्हाला वाटले फोटो असेल, नाहीतर एखादे अ‍ॅप. मावशी गप्प झाल्या. मुलीनेच सांगितले, "काका, जाहिरात आहे. कितीही बंद केली तरी परत येते."

हकीकत अशी. श्रावणात मावशींच्या छातीत गाठ हाताला लागली. भीतीने त्यांनी कोणाला सांगितले नाही, फक्त मुलीला सांगितले. मुलीने रात्री सगळे झोपल्यावर फोनवर लक्षणे वाचली. त्यातल्या एका पानाच्या तळाशी चौकट होती, 'मोफत सल्ल्यासाठी मोबाईल नंबर द्या'. तिने दिला. दुसऱ्या दिवसापासून गोड आवाजातले फोन सुरू झाले, आणि फोनच्या पडद्यावर 'शस्त्रक्रियेविना गाठ विरघळवा' अशा जाहिराती. घरात माणसे पाच आणि चांगला फोन एकच. धाकटा मुलगा क्रिकेट बघायला बसला की खालून ती जाहिरात चित्रासकट वर येई. एक दिवस सासूबाईंनी विचारलेच, "हे काय गं? कुणाला झालंय?" जे मावशींनी नवऱ्यापासून, सासूपासून लपवले होते, ते फोनने घरभर सांगितले.

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण मावशींनी बचत गटातून उचललेल्या पैशांतून ३,८०० रुपयांची पूड मागवली आणि तीन आठवडे पाण्यातून घेतली. आमच्या भोईवाड्यातून टाटा हॉस्पिटल आणि केईएम पायी जाण्याच्या अंतरावर. गावोगावचे रुग्ण रात्रभर प्रवास करून या दोन दारांत येतात, फुटपाथवर झोपतात, आणि आमच्या मावशी शेजारी राहून फोनमधल्या पुडीवर विसंबल्या. शेवटी मुलीनेच हट्टाने तपासणीला नेले. गाठ साधी निघाली. आम्ही ही हकीकत मावशींच्या परवानगीने लिहीत आहोत. त्यांचे म्हणणे, "लिवा भाऊ, नाव तेवढं नको."

कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ सालापासून बंदी आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा तो कायदा. पूर्वी लोकल गाडीच्या डब्यात अशी पत्रके चिकटवलेली असत. ती सगळ्यांना सारखीच दिसत. कोणाला काय झाले आहे हे त्या पत्रकाला ठाऊक नसे. फोनवरच्या जाहिरातीला ते ठाऊक असते, आणि आमच्या मते खरी गोम येथेच आहे.

चाळीत वाढलेल्या माणसाला आडोशाची किंमत वेगळी सांगायला नको. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात सासू-सासरे, दीर, नवरा-बायको, मुले. बाई कपडे बदलणार म्हणून पुरुषांनी गॅलरीत जाऊन उभे राहायचे, नवीन जोडप्यासाठी दोरीवर जुने लुगडे टाकून पडदा करायचा, शेजारच्या खोलीतले भांडण ऐकू आले तरी ऐकू आले नाही असे वागायचे. हे नियम कोणी लिहिले नव्हते, पण सगळे पाळत होते. अशा वस्तीतल्या माणसांच्या खिशात आता असे यंत्र आले आहे की त्याला हे वळणच नाही.

हे घडते कसे, ते आम्हाला समजायला बराच वेळ लागला. जसे समजले तसे सांगतो.

केईएममध्ये केसपेपर काढला की त्यावर एक क्रमांक असतो. पुढच्या वेळी तो दाखवला की डॉक्टरांना मागचे सगळे कळते. इंटरनेटवरच्या पानांना माणूस ओळखू येत नसे, म्हणून १९९४ साली नेटस्केप या कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या तरुणाने असाच एक छोटा क्रमांक शोधून काढला. त्याला 'कुकी' म्हणतात. तो आपल्याच यंत्रात ठेवला जातो. हेतू सरळ होता, की दुकानाच्या पानावर निवडलेली वस्तू पुढच्या पानावर विसरली जाऊ नये. त्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १९९४ रोजी, अमेरिकेतील हॉटवायर्ड या इंटरनेटवरील मासिकाच्या पानांवर जाहिरातींच्या पहिल्या पट्ट्या झळकल्या. पुढे या दोन गोष्टींचे लग्न लागले. आपण वाचतो ते पान एकाचे, पण त्यातली जाहिरातीची जागा भलत्याच कंपनीने घेतलेली, आणि ती कंपनीही आपल्या यंत्रात स्वतःचा क्रमांक ठेवते. हीच कंपनी हजारो पानांवर बसलेली असल्यामुळे आपण कोठून कोठे गेलो हे तिला समजते. समजा एकच त्रयस्थ इसम केईएमच्या खिडकीपाशी, रेशन दुकानात, शाळेच्या दारात आणि सावकाराच्या ओट्यावर उभा आहे आणि प्रत्येक ठिकाणी आपला केसपेपर क्रमांक टिपून घेतो आहे. तसे हे. फोनमधल्या अ‍ॅपसाठी याहून सोपी सोय केलेली आहे. अँड्रॉइड फोनला 'अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' नावाचा जाहिरातीचा क्रमांक दिलेलाच असतो.

मग लिलाव होतो. भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. आपण पान उघडले की त्यातल्या जाहिरातीच्या जागेसाठी पुकारा होतो. हा फोन कोणता, साधारण कोणत्या भागातला, कोणते पान उघडले आहे, यापूर्वी काय काय पाहिले आहे, ही माहिती बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांकडे जाते. जो जास्त पैसे देईल त्याची जाहिरात. हे सारे पापणी लवायच्या आत उरकते. टोपलीत मासळीच्या जागी आपण असतो एवढाच फरक. आणि ज्यांनी बोली हरली त्यांनीही आपली माहिती पाहिलेली असतेच.

आता यात आमची स्वतःची एक चूक सांगायची आहे, कारण ती न सांगता दुसऱ्यांना उपदेश करणे बरे नाही. २०१४-१५ च्या सुमारास स्वस्त अँड्रॉइड फोन आपल्या वस्तीत आले. डेटा महाग होता. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली, त्याआधी एक जीबीचा पॅक महिनाभर पुरवून वापरावा लागे. अशा वेळी 'यूसी ब्राउझर' नावाचा ब्राउझर मिळाला. तो पान आकसून आणी, जाहिराती गाळी, पैसे वाचवी. पाहता पाहता भारतात मोबाईलवर सर्वांत जास्त वापरला जाणारा ब्राउझर तोच झाला. आम्ही खूष. आमच्या आणि शेजारच्या चाळीतल्या दहा-बारा जणांच्या फोनमध्ये आम्हीच तो घालून दिला आणि चहाही प्यायलो.

मे २०१५ मध्ये कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने या ब्राउझरची तपासणी करून अहवाल काढला. त्यात आढळले की आपण शोधलेले शब्द हा ब्राउझर कुलूप न लावताच पाठवतो, म्हणजे वाटेत कोणीही उघडून वाचावे. ब्राउझर चीनमधील अलिबाबा समूहाच्या कंपनीचा. आम्हाला या अहवालाचा तेव्हा पत्ताही नव्हता. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्या यादीत हे नाव वाचले तेव्हा आम्ही चाट पडलो. जाहिरातीला दार लावायला ज्याला ठेवले तोच चिठ्ठ्या बाहेर उघड्या पाठवत होता. तेव्हापासून कोणी 'हे अ‍ॅप घाला, जाहिराती बंद' असे म्हणाले की आम्ही आधी विचारतो, हे कोणाचे, याचे पोट कशावर चालते?

काही जण म्हणतात, आपण गरीब माणसे, आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे? हे वाक्य आम्ही युनियनच्या सभेतही ऐकले आहे. त्यांना बाबासाहेबांची एक गोष्ट सांगावीशी वाटते. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटना समितीसाठी जे निवेदन तयार केले, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज', त्यातल्या मूलभूत हक्कांत एक हक्क असा होता की माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घेता येऊ नये. ज्यांच्या घरात कोणीही केव्हाही घुसू शकत होते, अशा लोकांच्या वतीने ही मागणी होती. राज्यघटनेत हे कलम या शब्दांत आले नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी नेमके तेच बोट दाखवून असा हक्क नाकारला. पुढे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या प्रश्नावर दाद मागितली आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच तो भाग आहे. कंपन्या गोळा करीत असलेल्या माहितीचाही त्या निकालात विचार झाला आहे.

आणि लपवण्यासारखे आपल्याकडे फारच आहे. आजार, कर्ज, मुलीचे स्थळ, कामावरची तक्रार. भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारले की आपल्यातले किती जण घुटमळतात, ते आम्ही जाणतो. फेसबुकच्या कंपनीने धर्म, आरोग्य, राजकीय मत अशा नाजूक विषयांवरून जाहिरातदारांना माणसे निवडून देण्याचे पर्याय १९ जानेवारी २०२२ पासून काढून टाकले. म्हणजे त्या दिवसापर्यंत ते होते.

आता मावशींच्या फोनचे काय केले ते सांगतो.

प्रथम नोटिफिकेशन. कोणतेही पान उघडले की वर चौकट येते, 'परवानगी द्या'. आपण घाईत देऊन टाकतो. मग पान बंद केले तरी जाहिराती निरोपासारख्या येत राहतात, 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे', 'तुम्हाला बक्षीस लागले'. आम्हीही एकदा रेल्वेचे वेळापत्रक पाहताना असेच बोट दाबले आणि पुढे दोन महिने आमच्या फोनवर रमीचे पत्ते नाचत होते. एकदा साहेबांसमोर नाचले. त्यांनी काही विचारले नाही, आम्हीही काही सांगितले नाही. क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग, तेथून साइट सेटिंग, तेथून नोटिफिकेशन असे गेले की परवानगी दिलेल्या पानांची यादी दिसते. मावशींच्या फोनमध्ये ती अठरा निघाली. सगळी बंद केली.

दुसरे, तो जाहिरातीचा क्रमांक. फोनच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी किंवा गुगल या भागात जाहिरातींचे पान असते, तेथे 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' दाबले. याने जाहिराती थांबत नाहीत, पण अ‍ॅपना त्या क्रमांकावरून माणूस ओळखणे जमत नाही. आयफोनवाल्यांना २०२१ पासून अ‍ॅपने माग काढू द्यावा का असे विचारले जाते. तेथे 'नाही' म्हणावे.

तिसरे, ब्राउझर बदलला. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये जाहिराती गाळणारी जोडणी बसत नाही. गुगलच्या मूळ कंपनीच्या उत्पन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जाहिरातींतून येतो, तेव्हा त्यांच्याकडून ती अपेक्षाही आम्ही करत नाही. फायरफॉक्स हा ब्राउझर मोझिला या ना-नफा संस्थेच्या छत्राखालचा. तो २०१९ पासून माग काढणाऱ्या बऱ्याच कुकी आपणहून अडवतो, आणि मोबाईलवरही त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' ही जोडणी बसते. रेमंड हिल या कॅनडात राहणाऱ्या गृहस्थाने २०१४ पासून ती चालवली आहे, फुकट, आणि ते देणगीही घेत नाहीत. आम्ही आधी विचारतो तो प्रश्न, पोट कशावर चालते, त्याला येथे समाधानकारक उत्तर मिळाले. फक्त 'ओरिजिन' हा शब्द पाहूनच घ्यावे, नुसत्या 'यूब्लॉक' नावाचा प्रकार वेगळा आहे.

चौथे थोडे तांत्रिक आहे. फोन कोणतेही पान उघडण्यापूर्वी त्याचा पत्ता विचारतो. ही विचारणा अशा ठिकाणी करायची की जेथे जाहिरातवाल्यांचे पत्ते सांगितलेच जात नाहीत. २०१८ नंतरच्या अँड्रॉइड फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगखाली 'प्रायव्हेट डीएनएस' असते. तेथे इंग्रजी अक्षरांत 'डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम' असे टाकले की ब्राउझरमधल्याच नव्हे, इतर अ‍ॅपमधल्याही पुष्कळ जाहिराती जातात. यूट्यूबवरच्या मात्र जात नाहीत. आणि आपण कोणकोणते पत्ते विचारतो हे आता अ‍ॅडगार्डला कळू शकते, हेही लक्षात ठेवावे. एखादे बँकेचे अ‍ॅप अडले तर ही सेटिंग पुन्हा 'ऑटोमॅटिक'वर न्यावी.

मुलीने विचारले, "काका, मी तर इनकॉग्निटोमध्ये वाचलं होतं. तरी कसं कळलं?" पुष्कळांचा हा गैरसमज आहे. ती खिडकी फक्त आपल्या फोनमधली नोंद पुसते, म्हणजे घरच्यांपासून लपवते. पलीकडच्या पानाला आपण दिसतोच. याच कारणावरून अमेरिकेत गुगलवर २०२० मध्ये दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कबूल केले. आणि तिने तर नंबर स्वतःच्या हाताने टाकला होता. हे तिला सांगताना आम्ही आवाज चढवला नाही, कारण घाबरलेले पोर रात्री बारा वाजता दुसरे काय करणार?

कर्जाच्या अ‍ॅपबद्दल मात्र आम्ही आवाज चढवूनच सांगतो. फोनमधली नावांची यादी आणि फोटो मागणारे कर्ज घेऊ नये. हप्ता चुकला की त्याच यादीतल्या नातेवाइकांना फोन जातात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांत कर्जाच्या अ‍ॅपना यादी, फोटो आणि कॉलच्या नोंदी पाहण्यास मनाई केली आहे. म्हणजे जो मागतो तो नियम मोडूनच मागतो. तसेच बँकेचा किंवा गॅसचा मदत क्रमांक शोधताना वरती 'प्रायोजित' लिहिलेली पहिली ओळ दाबू नये. क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा, उद्यावर टाकू नये.

एक शंका आमच्या संपादकांनीच काढली. ते म्हणाले, जाहिराती सगळ्यांनी बंद केल्या तर वर्तमानपत्रे जगतील कशी? शंका रास्त आहे. आपल्या या साप्ताहिकाचा १४ एप्रिलचा अंक शुभेच्छांच्या जाहिरातींवर निघतो, ६ डिसेंबरचा अभिवादनाच्या. पण त्या जाहिरातीतला फोटोग्राफर वाचकाच्या मागे घरापर्यंत येत नाही, कोणी कोणते पान किती वेळ वाचले ते टिपून विकत नाही. यूब्लॉकमध्ये एखाद्या पानापुरते गाळणे थांबवायची सोय आहे. ज्या वर्तमानपत्रावर आपला भरवसा आहे तेथे आम्ही ते थांबवतो. वर्गणी भरता आली तर ती भरतो.

कायद्याचेही थोडे सांगायला हवे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधने नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. त्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. माहिती घेण्यापूर्वीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येईल. आणि अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांच्यावर जाहिराती रोखायला मनाई आहे. याच कायद्याच्या ४४(३) या कलमाने माहिती अधिकाराच्या कायद्यातले खासगी माहितीचे कलम बदलले, आणि आता अधिकारी 'ही खासगी माहिती आहे' एवढे म्हणून अर्ज परत करू शकतात. आम्ही माहिती अधिकाराचे जुने अर्जदार. ठेकेदाराचे बिल खासगी आणि मावशींचा आजार बाजारात, हे आम्हाला पटत नाही.

मावशी पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. जाहिरात थांबली होती. पुडीवाल्याचे फोन अजून येतात, ते नंबर मुलगी ब्लॉक करते. या वेळी मावशींनी नवऱ्याचा जुना फोन आणला होता. "यांच्यात पत्त्यांचा जुगार येतो भाऊ. ते पण बंद करा." पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली आहे, तरी चोरून चालणारे आहेतच. पण फोन नवऱ्याचा. आम्ही म्हणालो, "मावशी, त्यांनाच घेऊन या. त्यांच्यासमोर करू." मावशी थोड्या रागावल्या, मग हसल्या.

टेबल दर रविवारी सकाळी दहा ते बारा असते. येताना फोन चार्ज करून आणावा. पासवर्ड आम्हाला सांगू नये, आपला आपणच टाकावा.